विद्यापीठाच्या ऑपेरा विभागातील विनोदी ऑपेरेटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीत विभागात शिकणाऱ्या गायकांनी एखादी विनोदी ऑपेरेटा पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आणायचे ठरवले, की विद्यार्थी, पालक, अन्य विभागांतील शिक्षक आणि प्रेक्षक यांच्याकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. त्यांतील पुष्कळशा प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते: हसवणारे संगीतनाट्य गंभीर ऑपेराहून सोपे असते आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांना दिले जाते. ही समजूत चुकीची आहे असे माझे ठाम मत असून पुढील उत्तरांत त्याची कारणे जागोजागी आलेली आहेत.

ऑपेरेटा म्हणजे नेमके काय? ऑपेरा आणि म्युझिकल यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

ऑपेरेटा हा गायनप्रधान आणि बहुधा विनोदी आशयाचा नाट्यप्रकार असून त्यात गाण्यांच्या मधला कथाभाग बोलून सादर केला जातो. पुष्कळ ऑपेरांत संवादही गायले जातात. येथे मात्र पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाता गाता नाचूही लागतात. संगीत नाटक पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही ये-जा परकी वाटणार नाही, परंतु ऑपेरेटात प्रत्येक स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो आणि गायकाला आयत्या वेळी विस्तार करण्यास फारशी मोकळीक नसते.

या प्रकाराला आजचे रूप मिळाले ते प्रामुख्याने पॅरिसमध्ये. संगीतकार झाक ऑफेनबाख यांनी 1855 मध्ये ‘बूफ-पारिझियें’ हे छोटे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा परवान्याच्या अटींमुळे त्यांना मोजक्याच पात्रांच्या एकांकी रचना करता येत होत्या. त्या अटी सैल झाल्यावर 1858 मध्ये ‘ऑर्फे ओझाँफेर’ ही भरगच्च पात्रांची रचना रंगमंचावर आली. व्हिएन्नात योहान श्ट्राउस धाकटे यांची ‘दी फ्लेडरमाउस’ 1874 मध्ये आणि फ्रान्झ लेहार यांची ‘द मेरी विडो’ या नावाने जगभर पोहोचलेली रचना 1905 मध्ये, अशा दोन्ही ‘थिएटर आन डेर वीन’ या एकाच नाट्यगृहात प्रथम सादर झाल्या. लंडनमध्ये लेखक डब्ल्यू. एस. गिल्बर्ट आणि संगीतकार आर्थर सलिव्हन यांनी 1871 ते 1896 या काळात मिळून 14 रचना केल्या आणि इंग्रजी भाषेतील विद्यापीठे आजही सर्वाधिक वळतात ती त्यांच्याकडेच.

म्युझिकल, म्हणजे व्यावसायिक रंगभूमीवरचे गाण्यांचे नाटक, याच्याशी असलेली सीमारेषा धूसर आहे. लिओनार्ड बर्नस्टाइन यांची 1956 मधील ‘कँडिड’ ब्रॉडवे या न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आली, तरी ती आज ऑपेरागृहांतही गायली जाते. व्यवहारात फरक ओळखायचा तो आवाजावरून: ऑपेरेटा शास्त्रोक्त प्रशिक्षण घेतलेल्या, ध्वनिक्षेपकाविना वाद्यवृंदावरून पलीकडे पोहोचणाऱ्या आवाजांसाठी लिहिलेली असते.

गंभीर ऑपेरा शिकवणाऱ्या विभागाने विनोदी ऑपेरेटा का निवडावी?

याची कारणे आवाजाच्या वयात, भूमिकांच्या संख्येत आणि अभ्यासाच्या व्याप्तीत आहेत.

विशी-बाविशीतील गायकाचा आवाज अजून घडत असतो. जड नाट्यमय भूमिका पेलण्याची ताकद बहुतेक गायकांना तिशीच्या आसपास किंवा त्यानंतर येते, आणि ती येण्याआधी मोठ्या वाद्यवृंदावर मात करण्याचा प्रयत्न केला तर गळ्यावर ताण देण्याची सवय जडते, जी पुढे मोडणे कठीण जाते. ऑफेनबाख आणि सलिव्हन यांची वाद्यरचना तुलनेने पातळ असते आणि त्यांच्या बऱ्याच भूमिकांत तरुण आवाजाला न झेपणारा विस्तार नसतो. अर्थात ‘दी फ्लेडरमाउस’मधील रोझालिंडे या भूमिकेचे चारदाश (हंगेरियन नृत्याच्या धर्तीचे) गीत गाण्यासाठी पूर्ण तयारीचा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचा स्त्री आवाज, लागतो, ऑपेरेटा म्हणजे सरसकट हलका आवाज असे समजणाऱ्या निवड समितीला ते गीत वेळीच जागे करते.

दुसरे असे की, ऑपेरेटात लहान-मोठ्या भूमिका पुष्कळ असतात आणि समूहाला, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गायकांच्या गटाला, कथेत खरे काम असते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द पायरेट्स ऑफ पेंझान्स’च्या दुसऱ्या अंकात पोलिसांची भेदरलेली चाल आणि मुलींची त्यांना वीरमरणाकडे धाडणारी चाल आधी स्वतंत्रपणे येतात आणि मग एकावर एक रचून एकाच वेळी गायली जातात. अशा ठिकाणी आपला स्वर धरून ठेवताना दुसऱ्याचा ऐकणे हे जे शिक्षण समूहातील प्रत्येक विद्यार्थ्याला मिळते, ते एकल गायनाच्या तासात मिळू शकत नाही.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे ऑपेरेटा गायकाला लपायला जागा देत नाही. गंभीर ऑपेरात सुंदर आवाज अभिनयातील उणीव काही अंशी झाकतो. विनोदी प्रसंगात शब्द कळला नाही, थांबा अर्ध्या सेकंदाने चुकला किंवा समोरच्या पात्राकडे लक्ष नसले, तर हशा येत नाही आणि ती चूक सगळ्या सभागृहाला तत्काळ कळते.

विद्यार्थ्यांसाठी खास संगीतनाट्य करण्याची परंपरा आहे का?

आहे, आणि ती जुनी आहे. हेन्री पर्सेल यांच्या ‘डायडो अँड एनियस’चा ज्ञात असलेला सर्वांत जुना प्रयोग 1680 च्या दशकात लंडनजवळच्या चेल्सी येथील मुलींच्या एका शाळेत झाला होता. विसाव्या शतकात कुर्ट वाइल यांची ‘डाउन इन द व्हॅली’ 1948 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्रथम सादर झाली.

कोणती ऑपेरेटा करायची हे कसे ठरते?

आधी कलाकृती ठरवून मग आवाज शोधणे ही विद्यापीठात उलटी रीत ठरते. व्यावसायिक संस्था बाहेरून गायक बोलावू शकते. विभागाला मात्र त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांमधूनच पात्रयोजना करायची असते. म्हणून संगीत संचालक आणि गायन शिक्षक प्रथम हाताशी असलेल्या आवाजांची यादी करतात: सोप्रानो किती, मेझो (त्याहून खालच्या पट्टीचा स्त्री आवाज) किती, उंच स्वरांत सहज राहणारा टेनर (उंच पुरुष आवाज) आहे का, खालचा स्वर भरदार लावणारा बास (खालच्या पट्टीचा पुरुष आवाज) आहे का.

बहुतेक संगीत विभागांत स्त्री आवाज अधिक आणि पुरुष आवाज कमी असतात, तर जुन्या ऑपेरेटांत पुरुष भूमिका अधिक असतात. यावर निरनिराळे उपाय आहेत. ‘दी फ्लेडरमाउस’मधील प्रिन्स ऑर्लोफ्स्की ही पुरुष भूमिका मुळातच मेझो गायिकेसाठी लिहिलेली आहे. गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या ‘आयोलँथी’ आणि ‘पेशन्स’ यांत स्त्रियांच्या समूहाला स्वतंत्र आणि ठसठशीत स्थान आहे. उलट ‘पायरेट्स’मध्ये चाचे आणि पोलीस असे पुरुषांचे दोन गट लागतात, म्हणून पुरुष आवाज कमी असलेल्या विभागाने ती निवडताना दोनदा विचार करावा. नव्याने सुरू झालेल्या विभागासाठी ‘ट्रायल बाय ज्युरी’ ही त्यांचीच 1875 मधील एकांकी रचना मला फार योग्य वाटते, कारण ती सुमारे 40 मिनिटांची आहे, ती संपूर्ण गायली जाते, तिच्यात बोलके संवाद नाहीत आणि न्यायालयाचे एकच नेपथ्य तिला पुरते.

रंगमंचाचा आकार, वाद्यवृंदासाठी असलेली जागा आणि मागील दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांनी काय केले आहे, याचाही विचार होतो. चार वर्षांच्या शिक्षणात एका विद्यार्थ्याला इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि स्वभाषा अशा वेगवेगळ्या भाषांतील कामाचा अनुभव मिळावा, अशी आखणी चांगले विभाग करतात.

प्रयोगासाठी परवानगी घ्यावी लागते का?

कलाकृती जुनी असली तरी चौकशी करावीच लागते. ज्या देशांत स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो, तेथे ऑफेनबाख, श्ट्राउस, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या मूळ रचना केव्हाच मुक्त झाल्या आहेत. मात्र एखाद्या प्रकाशकाने अलीकडे तयार केलेली संपादित आवृत्ती, नवा अनुवाद किंवा लहान वाद्यवृंदासाठी केलेली नवी मांडणी यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि वाद्यवृंदाच्या प्रती अनेकदा भाड्यानेच मिळतात. परवाना मिळाल्याशिवाय जाहिरात करू नये. हक्कांचा हा प्रश्न या प्रकाराला नवा नाही: गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या 1878 मधील ‘एच. एम. एस. पिनाफोर’चे अनधिकृत प्रयोग अमेरिकेत इतके झाले की, पुढच्या ‘पायरेट्स’चा मुख्य शुभारंभ 31 डिसेंबर 1879 रोजी न्यू यॉर्कमध्येच करण्यात आला आणि इंग्लंडमधील हक्क राखण्यासाठी आदल्या दिवशी पेंटन या गावी एक घाईघाईचा प्रयोग उरकण्यात आला.

मूळ भाषेत गायचे की अनुवादात?

शैक्षणिक दृष्टीने मूळ भाषेचे मोल मोठे आहे, परंतु विनोदाचे गणित वेगळे असते. संवाद प्रेक्षकाला त्या क्षणी, ऐकता ऐकता कळला पाहिजे. पडद्यावर अनुवादित ओळी दाखवण्याची सोय 1983 मध्ये टोरोंटो येथील कॅनेडियन ऑपेरा कंपनीने प्रथम केली आणि आता ती जवळपास सर्वत्र आहे. तथापि, ओळ पडद्यावर आधी झळकली तर प्रेक्षक गायकाच्या आधीच हसतात आणि उशिरा झळकली तर हसतच नाहीत. म्हणून अनेक विभाग गाणी मूळ भाषेत आणि संवाद प्रेक्षकांच्या भाषेत असा मधला मार्ग स्वीकारतात. तो मला पटतो. संपूर्ण अनुवाद करायचा असेल तर उंच आणि लांब स्वरांवर ‘आ’सारखा उघडा स्वर येईल, स्वराघात संगीताच्या ठेक्यावर पडेल आणि यमकामुळे विनोदाचा शब्द ओळीच्या शेवटीच राहील, अशा तिन्ही गोष्टी सांभाळणारा अनुवादक हवा, शब्दकोशातील अर्थ देणारा अनुवाद गळ्यात अडकतो.

निवड चाचणीत काय अपेक्षित असते?

साधारणपणे दोन गाणी, त्यांपैकी एक ज्या भाषेत प्रयोग आहे त्या भाषेत, आणि संवादाचा एक छोटा उतारा. पहिल्या फेरीनंतर काही जणांना पुन्हा बोलावून जोडीने किंवा गटाने वाचायला लावतात, थोडी नृत्याची पावले शिकवतात आणि सूचना दिल्यावर विद्यार्थी तीच ओळ वेगळ्या रीतीने म्हणू शकतो का, हे पाहतात. आवाज उत्तम असूनही सूचना ऐकून बदल न करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, मध्यम आवाजाचा पण झटपट शिकणारा विद्यार्थी विनोदी भूमिकेसाठी अधिक उपयोगी ठरतो. निवड समितीला हसवण्यासाठी हातवारे वाढवण्याची गरज नसते. स्पष्ट शब्द, खरा उद्देश आणि ताल एवढे पुरे.

पाठांतर पक्के असावे. गाण्याची प्रत पियानोवादकाला नीट वाचता येईल अशी, पट्टी आणि गती यांच्या खुणांसह द्यावी.

मुख्य भूमिका मिळाली नाही तर समूहात काम करण्याने वेळ वाया जातो का?

मुळीच नाही, आणि ज्याला तसे वाटते त्याने प्रयोगाच्या वेळी मुख्य पात्रांऐवजी समूहाकडे पाहावे. ऑपेरेटात समूह म्हणजे खलाशी, पऱ्या, सरदार, वधूच्या मैत्रिणी. प्रत्येकाला नाव, स्वभाव आणि कथेविषयी मत असावे लागते. व्यावसायिक ऑपेरागृहांत गायकांसाठी कायमस्वरूपी नोकऱ्या असतात त्या बहुतांशी समूहगायकांच्याच. शिवाय समूहातील विद्यार्थ्यांमधूनच अनेकदा बदली कलाकार नेमले जातात, आणि आजारपणाच्या दिवसांत त्यांना प्रत्यक्ष प्रयोग करावा लागण्याची शक्यता पुस्तकी नसते.

एकाच भूमिकेसाठी दोन विद्यार्थी का निवडतात?

दुहेरी पात्रयोजनेमुळे अधिक विद्यार्थ्यांना संधी मिळते आणि लागोपाठच्या दिवशी प्रयोग असल्यास आवाजाला विश्रांती मिळते. याची किंमत तालमीच्या वेळेत चुकवावी लागते, कारण प्रत्येक प्रसंग दोनदा बसवावा लागतो. दोन्ही संचांना समान तालमी आणि पूर्ण वाद्यवृंदाबरोबर समान वेळ मिळेल याची लेखी हमी विभागाने वेळापत्रकातच द्यावी. त्याविषयी संदिग्धता राहिली की विद्यार्थ्यांमध्ये कटुता येते. एका संचाने दुसऱ्याची नक्कल करू नये, मात्र हालचालींचा आराखडा एकच ठेवावा, म्हणजे ऐनवेळी एका संचातील गायक दुसऱ्या संचात उभा राहू शकतो.

तालमी कशा आणि किती काळ चालतात?

बहुतेक विद्यापीठांत हे काम एका सत्रात बसवले जाते. सुरुवातीचे आठवडे केवळ संगीताचे असतात. पियानोवर साथ करणारे मार्गदर्शक, ज्यांना ऑपेराच्या जगात ‘रेपेटिटर’ म्हणतात, प्रत्येक गायकाबरोबर स्वर, ताल आणि उच्चार पक्के करून घेतात. अभिनयाच्या तालमीला येण्याआधी संगीत पाठ असलेच पाहिजे, हा नियम कठोर वाटला तरी तो मोडल्यास दिग्दर्शकाचा वेळ स्वर सुधारण्यात जातो आणि विनोद बसवायला वेळच उरत नाही.

त्यानंतर संहितेचे वाचन, मग प्रसंगांची बांधणी, मग सलग तालमी. गिल्बर्ट स्वतः आपल्या नाटकांचे दिग्दर्शन करीत आणि रंगमंचाची लहान प्रतिकृती करून तिच्यावर लाकडी ठोकळे मांडून समूहाच्या हालचाली घरीच ठरवीत. मोठा समूह लहान रंगमंचावर वावरणार असेल, तर अशी पूर्वतयारी आजही तितकीच उपयोगी आहे, कारण 30 विद्यार्थ्यांना उभे ठेवून दिग्दर्शकाने विचार करत बसणे हा सर्वांच्याच वेळेचा अपव्यय होय.

शेवटच्या टप्प्यात ‘झिट्सप्रोब’ होते, म्हणजे गायक बसून, अभिनयाविना, प्रथमच पूर्ण वाद्यवृंदाबरोबर गातात. पियानोच्या साथीची सवय झालेल्या विद्यार्थ्याला येथे धक्का बसतो: ज्या सुरावरून तो आपला प्रवेश पकडत होता तो सूर आता दूरच्या क्लॅरिनेटवर असतो. पुढे प्रकाश, नेपथ्य आणि प्रवेश-प्रस्थान यांची तांत्रिक तालीम, आणि अखेरीस वेशभूषेसह रंगीत तालीम. शक्य असेल तर रंगीत तालमीला थोडे प्रेक्षक बोलवावेत. हशा कोठे आणि किती वेळ येतो हे कळल्याशिवाय विनोदी प्रयोगाची तालीम पूर्ण होत नाही; हशा ओसरू लागताच पुढची ओळ उचलायची असते, तो विरेपर्यंत थांबले तर प्रसंग थंड पडतो आणि ऐन भरात बोलले तर ओळ वाया जाते.

गाणाऱ्या विद्यार्थ्यांना संवाद इतके अवघड का जातात?

कारण गाताना श्वास कोठे घ्यायचा, आवाज किती उंच ठेवायचा आणि शब्द किती लांबवायचा, हे संगीतकाराने ठरवून दिलेले असते. संवादात यांपैकी काहीच दिलेले नसते. वर्षानुवर्षे लिहिलेल्या स्वरांवर विसंबलेला विद्यार्थी अचानक मोकळ्या मैदानात येतो आणि बहुधा दोनपैकी एक चूक करतो: एकतर घरी बोलल्यासारखा पुटपुटतो, किंवा प्रत्येक ओळ गाण्यासारखी सुरात म्हणू लागतो.

याचा आवाजावरही परिणाम होतो. पुष्कळ विद्यार्थी गाताना आवाज उत्तम सांभाळतात आणि बोलताना मात्र घसा दाबून, खालच्या पट्टीत, श्वासाचा आधार न घेता ओरडतात. त्यामुळे संवादाच्या लांब प्रसंगानंतर येणारे गाणे थकलेल्या आवाजात सुरू होते. गाण्यात वापरतो तोच श्वासाचा आधार आणि तोच मुखाच्या पुढच्या भागातला उच्चार संवादात वापरायला शिकवणे, हा ऑपेरेटाच्या शिक्षणाचा गाभा आहे असे मला वाटते. त्यासाठी गाण्याआधीची शेवटची ओळ गाण्याच्या पहिल्या स्वराच्या जवळपासच्या पट्टीत बोलण्याचा सराव करतात, म्हणजे बोलण्यातून गाण्यात जाताना सांधा दिसत नाही. नाट्य विभागातील आवाजाचे शिक्षक उपलब्ध असतील, तर त्यांना पहिल्या आठवड्यापासून बोलवावे. शेवटच्या आठवड्यात बोलावून उपयोग नसतो.

विनोद शिकवता येतो का?

विनोदबुद्धी वाटता येत नाही, पण विनोदी प्रसंग बसवण्याचे तंत्र नक्की शिकवता येते. पहिला नियम असा की, परिस्थिती कितीही हास्यास्पद असली तरी पात्राला ती गंभीरच वाटली पाहिजे. गिल्बर्ट यांनी ‘एंगेज्ड’ या 1877 मधील आपल्या नाटकाच्या छापील सूचनांत नेमका हाच आग्रह धरला होता, आणि त्यांच्या ऑपेरेटांनाही तोच लागू पडतो. ‘पायरेट्स’चा नायक फ्रेडरिक 29 फेब्रुवारीला जन्मलेला असतो आणि चाच्यांबरोबरचा त्याचा करार 21 व्या वाढदिवसापर्यंत असल्यामुळे वयाची 21 वर्षे उलटूनही तो बांधलेलाच राहतो. फ्रेडरिकने हे ऐकून डोळे मिचकावले तर प्रसंग संपला. त्याने कर्तव्याच्या ओझ्याने खरोखर व्याकूळ व्हायला हवे.

दुसरा नियम स्थिरतेचा. एक जण विनोदाची ओळ बोलत असताना इतरांनी हलायचे नाही. नवख्या समूहाला प्रत्येक क्षणी काहीतरी करावेसे वाटते आणि प्रेक्षकाची नजर नेमक्या शब्दावरून सरकते. तिसरे, संगीतातील विनोद ओळखता आला पाहिजे. ‘पायरेट्स’मधील मेबलच्या गीतातील तानबाज स्वररचना ही गंभीर ऑपेरातील नायिकांच्या गायनाची प्रेमळ नक्कल आहे, आणि ती खुलते ती अगदी सुरेल, निर्दोष गायल्यावरच. वाईट गाऊन हसवण्याची वाट सोपी आहे. ती विद्यापीठात शिकवू नये.

अतिजलद ‘पॅटर’ गीताची तयारी कशी करावी?

‘पायरेट्स’मधील मेजर-जनरलचे प्रसिद्ध गीत किंवा ‘आयोलँथी’मधील दुःस्वप्नाचे गीत यांत एकेक अक्षर एकेका लघु स्वरावर येते आणि श्वासाला जागा फार कमी असते. आधी सुराविना, केवळ ठेक्यावर, अत्यंत संथ गतीत शब्द म्हणावेत. मेट्रोनोमची (ठेका मोजणाऱ्या यंत्राची) गती तेव्हाच थोडी वाढवावी जेव्हा सलग तीन वेळा एकही अक्षर गळत नाही. जबडा सैल ठेवून जिभेच्या टोकाने काम करावे, कारण जबड्याने प्रत्येक अक्षर चावण्याचा प्रयत्न केल्यास चौथ्या ओळीपर्यंत तो थकतो. श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून कायमच्या ठरवून टाकाव्यात. अर्थ कळल्याशिवाय पाठांतर करू नये: ज्याला ओळीचा विचार ठाऊक असतो तो अडखळला तरी सावरतो, केवळ ध्वनी पाठ केलेला गायक एकदा घसरला की त्याला परत चढता येत नाही.

ध्वनिक्षेपक का वापरत नाहीत? आवाज मागपर्यंत पोहोचतो का?

प्रशिक्षित गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या, आवाजात सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक उंचवटा तयार होतो. स्वीडिश संशोधक योहान सुंदबर्ग यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. वाद्यवृंदाची सर्वाधिक ऊर्जा त्याहून बरीच खाली, सुमारे 500 हर्ट्झजवळ असते आणि मानवी कानही 3000 हर्ट्झच्या पट्ट्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे आवाज मोठा न करताही वाद्यांच्या वरून ऐकू येतो. हे तंत्र अंगी बाणवणे हाच प्रशिक्षणाचा हेतू असल्यामुळे गाण्यासाठी ध्वनिक्षेपक टाळतात. मोठ्या सभागृहात संवादांपुरता सौम्य आधार देणे मला गैर वाटत नाही, मात्र गाणे आणि बोलणे यांच्या पातळीत जाणवण्याइतका फरक पडू देऊ नये.

प्रयोगाच्या काळात आवाजाची काळजी कशी घ्यावी?

पुरेशी झोप आणि दिवसभर थोडे थोडे पाणी यांना पर्याय नाही. तांत्रिक तालमीत पूर्ण आवाजात गाऊ नये. अर्ध्या आवाजात किंवा उंच स्वर सप्तक खाली घेऊन गाण्याची, म्हणजे ‘मार्किंग’ची, रीत सर्वमान्य असून दिग्दर्शकाने ती आळस समजू नये. घसा बसला असता कुजबुजून बोलणे सुरक्षित वाटते, पण पुष्कळांच्या बाबतीत कुजबुजतानाही ताण पडतो, म्हणून मौनच बरे. आवाजातील घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, किंवा गाताना अचानक वेदना होऊन आवाज गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि तोपर्यंत गाऊ नये. प्रयोग जवळ आला आहे हे गाण्याचे कारण होऊ शकत नाही.

वाद्यवृंदही विद्यार्थ्यांचाच असतो का?

बहुधा असतो. सलिव्हन यांचा नेहमीचा वाद्यमेळ आटोपशीर आहे: दोन बासऱ्या, एक ओबो, दोन क्लॅरिनेट, एक बासून, दोन हॉर्न, दोन कॉर्नेट, ट्रॉम्बोन, तालवाद्ये आणि तंतुवाद्ये. वाद्यवादक विद्यार्थ्यांना येथे सिम्फनीत न मिळणारा अनुभव मिळतो, तो म्हणजे गायकाच्या श्वासासाठी थांबण्याचा. प्रेक्षक हसले म्हणून एखादा सूर लांबवावा लागला, तर संगीत संचालकाकडे पाहत राहणारा वाद्यवृंदच तो लांबवू शकतो.

जुन्या ऑपेरेटांतील आज खटकणाऱ्या गोष्टींचे काय करावे?

प्रश्न टाळू नये. 1885 मधील ‘द मिकाडो’ ही ब्रिटिश समाजावर टीका करण्यासाठी जपानचा केवळ मुखवटा घेते, परंतु अन्य वंशीय कलाकारांनी जपानी रंगभूषा करून ती सादर करणे अनेकांना अवमानकारक वाटते. 2015 मध्ये न्यू यॉर्कमधील एका नाट्यसंस्थेने विरोधानंतर आपले ठरलेले प्रयोग रद्द केले आणि पुढे बदललेल्या मांडणीसह ती रचना पुन्हा आणली. प्रौढ स्त्रियांच्या वयावर आणि रूपावर केलेले विनोदही गिल्बर्ट यांच्या लेखनात वारंवार येतात.

ओळी गुपचूप गाळण्यापेक्षा विद्यार्थ्यांसह मूळ संहिता वाचून, त्या ओळीचा रोख कोणावर आहे याची चर्चा करून मग निर्णय घेणे मला अधिक शिक्षणाला धरून वाटते. काही ओळी बदलाव्यात, काही वेगळ्या रीतीने बोलल्या की अर्थ उलटतो, आणि काही कलाकृती एखाद्या विभागाने न करणेच योग्य ठरते. भूमिकेतील काही भाग करण्यास विद्यार्थ्याला संकोच वाटत असेल, तर तो निर्भयपणे सांगता येईल अशी व्यक्ती पहिल्याच दिवशी नेमून द्यावी. मिठी, चुंबन, धक्काबुक्की असलेले प्रसंग ठरवून दिलेल्या हालचालींनीच करावेत आणि त्यांत ऐनवेळी बदल करू नये.

न गाणाऱ्या विद्यार्थ्यांना यात भाग घेता येतो का?

अवश्य. रंगमंच व्यवस्थापक, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, पडद्यावरील अनुवादित ओळी चालवणारा, प्रसिद्धी सांभाळणारा असे कितीतरी जण लागतात. अनुवादित ओळी चालवणाऱ्याला स्वरलिपी वाचता यावी लागते. ‘दी फ्लेडरमाउस’मधील फ्रॉश हा मद्यधुंद तुरुंगरक्षक ही केवळ बोलकी भूमिका असून ती नाट्य विभागातील विद्यार्थ्याला देता येते.

सहभागासाठी श्रेयांक मिळतात का? मूल्यमापन कसे होते?

बहुतेक अभ्यासक्रमांत मिळतात. मूल्यमापन भूमिकेच्या लांबीवर नसावे. वेळेवर उपस्थिती, संगीताची पूर्वतयारी, सूचनांनुसार केलेली सुधारणा आणि सहकाऱ्यांशी वागणूक यांवर ते आधारलेले असावे, आणि हे निकष निवड चाचणीपूर्वीच लेखी जाहीर व्हावेत.

मी ऑपेरा कधीच पाहिलेला नाही. प्रयोगाला येण्यापूर्वी काय तयारी करावी? मुलांना आणता येईल का?

कथेचा सारांश वाचून यावे. गुंतागुंतीच्या वेशांतराच्या कथांत त्याचा फायदा होतो. विशेष पोशाखाची गरज नसते. गाणे संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात आणि हसू आले तर मोकळेपणाने हसावे, कारण रंगमंचावरील विद्यार्थी त्याचीच वाट पाहत असतात. दोन तास बसू शकणाऱ्या मुलांना ऑपेरेटा बहुधा आवडते. फार लहान मुलांबाबत सभागृहाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

प्रयोगाचे चित्रीकरण करून ते इतरांना पाठवता येईल का?

परवानगीशिवाय नाही. प्रयोगाचा परवाना आणि चित्रीकरणाचा परवाना वेगवेगळे असतात, आणि कलाकृती मुक्त असली तरी नव्या अनुवादाचे, वाद्यमांडणीचे व कलाकारांचे हक्क उरतातच. विभाग स्वतः चित्रीकरण करत असल्यास विद्यार्थ्यांना पुढील चाचण्यांसाठी आपापल्या गाण्यांचे तुकडे मिळावेत, अशी तरतूद परवान्याच्या अर्जातच करून ठेवावी. प्रयोग संपल्यावर ती मागणे उशिराचे ठरते.